नैसर्गिक व सेंद्रिय सौंदर्यप्रसाधने : मानके, निकष आणि आपली जबाबदारी

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानात एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येऊ लागला आहे : "वैद्यराज, यात केमिकल नाही ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे प्रामाणिक उत्तर साधे नाही. सावद्यासारख्या केळीच्या बाजारपेठेच्या गावीही आज दुकानाच्या फळीवर 'नैसर्गिक', 'हर्बल', 'ऑर्गॅनिक', 'शुद्ध आयुर्वेदिक' असे शब्द मिरविणाऱ्या डब्या-बाटल्यांची दाटी झालेली दिसते. ग्राहक हे चारही शब्द एकाच अर्थाने घेतो. दुर्दैवाने आपल्यापैकी पुष्कळ जणही तसेच घेतात.

वास्तविक हे चार शब्द चार वेगळ्या गोष्टी सांगतात. 'नैसर्गिक' हा शब्द द्रव्याचा उगम सांगतो. 'सेंद्रिय' हा शब्द ते द्रव्य कोणत्या पद्धतीने पिकविले गेले ते सांगतो. 'आयुर्वेदिक' हा शब्द ग्रंथाधार आणि परवाना सांगतो. 'हर्बल' या शब्दाने यांपैकी एकाचीही हमी मिळत नाही. आणि 'हे त्वचेला निर्धोक आहे काय?' या चौथ्या, सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर तर यांपैकी एकही शब्द देत नाही. हा भेद वैद्य व फार्मसीचालक यांच्या मनात स्पष्ट असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

औषध की प्रसाधन?

कोणत्याही मानकाचा विचार करण्यापूर्वी वस्तूची कायदेशीर ओळख ठरली पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार शरीराची स्वच्छता, सुशोभन, आकर्षकता वाढविणे किंवा रूप बदलणे यांसाठी शरीरावर चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची वा अन्य प्रकारे लावावयाची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. याउलट, रोगाचे निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध यांसाठी, अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार केलेले ते आयुर्वेदिक औषध. त्या ग्रंथांत उल्लेखिलेल्या घटकांपासूनच नव्या पाठाने बनविलेले ते पेटंट वा प्रोप्रायटरी आयुर्वेदिक औषध.

या दोहोंच्या सीमेवर पुष्कळ वस्तू उभ्या आहेत. २०१० मध्ये नियमावलीत १५८-ब हा नियम आला आणि त्यात 'सौंदर्यप्रसादक' असा स्वतंत्र वर्ग मान्य झाला. मुख, त्वचा, केश व देह यांच्या निगेसाठी, ग्रंथोक्त घटकांपासून बनविलेले कल्प या वर्गात येतात. म्हणजे एकच उटणे एखादा उत्पादक आयुर्वेदिक औषधाच्या २५-डी परवान्यावर 'सौंदर्यप्रसादक' म्हणून काढू शकतो, तर दुसरा तेच उटणे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खालील परवान्यावर साधे प्रसाधन म्हणून काढू शकतो. पहिल्याला अनुसूची 'टी'मधील उत्पादनविषयक नियम लागू होतात, दुसऱ्याला प्रसाधनांच्या नियमावलीतील. दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या तर ग्राहकाला फरक कळणार नाही. आपल्याला तो कळलाच पाहिजे.

या सीमारेषेचा सर्वांत बोधप्रद इतिहास आपल्याच राज्यात घडला आहे. नागपूरच्या केंद्रीय अबकारी विभागाशी झालेली तीन प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला औषध मानण्यास न्यायालयाने १९९० च्या दशकात नकार दिला, आणि २००९ मध्ये पुन्हा तोच निर्णय कायम राहिला. सामान्य ग्राहक ते रोज दात घासण्याची वस्तू म्हणूनच ओळखतो, हा त्यामागील मुख्य विचार. विको लॅबोरेटरीजच्या हळदीच्या क्रीमला व वज्रदंतीला मात्र २००४ मध्ये आयुर्वेदिक औषधाचे स्थान मिळाले. पुमा आयुर्वेदिक हर्बल या कंपनीच्या प्रकरणात २००६ मध्ये न्यायालयाने दुहेरी कसोटी स्पष्ट केली : सर्वसामान्य व्यवहारात ती वस्तू औषध म्हणून ओळखली जाते काय, आणि तिचे घटक प्रमाणग्रंथांत आहेत काय? डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाते एवढ्यावरून वस्तू प्रसाधन ठरत नाही, हेही त्यात सांगितले गेले. हे सारे वाद करआकारणीचे होते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर अबकारीची जागा त्याने घेतली, पण वर्गीकरणाचा प्रश्न तसाच उरला. आपल्यासाठी त्यातून निघणारा बोध असा की, वस्तूची ओळख नावाने वा वेष्टनावरील पानाफुलांच्या चित्राने ठरत नाही. ग्रंथाधार, घटक व उपयोग या तिन्हींनी ती ठरते.

येथे वैद्यबंधूंना एक सावधगिरीची सूचना. स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध बनविणाऱ्या वैद्याला अधिनियमाने परवान्यातून सूट दिली आहे. पण ती सूट *औषधाला* आणि *स्वतःच्या रुग्णाला* आहे. तोच लेप डबीत भरून, लेबल लावून, शेजारच्या ब्यूटी पार्लरमध्ये वा किराणा दुकानात विक्रीस ठेवला की ही सूट संपते आणि विनापरवाना उत्पादनाचा प्रश्न उभा राहतो. आपल्यातील अनेकांना ही रेषा कोठे संपते याची कल्पना नसते.

'नैसर्गिक' म्हणजे किती?

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० मध्ये 'नैसर्गिक' वा 'सेंद्रिय' प्रसाधनाची व्याख्या नाही. ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा लेबलवर करता येणार नाही, एवढा सर्वसाधारण दंडक मात्र आहे. त्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची भर पडली. पर्यावरणविषयक दाव्यांत 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शुद्ध' असे मोघम शब्द पुरेशा पुराव्याशिवाय वापरू नयेत, असे ती सांगतात. पुरावा कसला द्यावयाचा, हे समजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांकडे पाहावे लागते.

त्यांपैकी आयएसओ १६१२८ हे मानक दोन भागांत, २०१६ व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या भागात घटकांच्या व्याख्या आहेत, दुसऱ्या भागात गणिताची रीत. प्रत्येक घटकाला शून्य ते एक असा अंक देऊन संपूर्ण वस्तूतील नैसर्गिक उगमाचा टक्का काढावयाचा. या गणिताचे मर्म एका कल्पित उदाहरणाने लक्षात येईल.

समजा, १०० ग्रॅम क्रीममध्ये पाणी ६५ ग्रॅम, तिळाचे तेल २० ग्रॅम, हळदीचा अर्क ५ ग्रॅम, तेल व पाणी एकजीव करणारा वनस्पतिजन्य घटक ८ ग्रॅम, आणि कृत्रिम सुगंध व परिरक्षक मिळून २ ग्रॅम आहेत. पाणीही नैसर्गिकच, म्हणून ते हिशेबात धरले तर ही क्रीम '९८ टक्के नैसर्गिक' ठरते. पाणी वगळले तर उरलेल्या ३५ ग्रॅमपैकी ३३ ग्रॅम नैसर्गिक, म्हणजे सुमारे ९४ टक्के. आणि त्वचेला ज्यासाठी ती विकत घेतली ते तेल व हळद मिळून केवळ २५ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. त्यांपैकी लेबलवर कोणता छापला जाईल, हे सांगावयास नको. पाणी धरून की वगळून, हा प्रश्न विचारल्याशिवाय नैसर्गिकपणाच्या टक्केवारीला अर्थ नाही. शिवाय हे मानक स्वतःच सांगते की, लेबलवरील दावे आणि वस्तूची सुरक्षितता हे त्याचे विषय नव्हेत.

'सेंद्रिय' कोणी म्हणावे?

सेंद्रियतेचा प्रश्न शेतापासून सुरू होतो, म्हणून तो आपल्या परिसरावरून समजून घेऊ. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण भौगोलिक मानांकन हा *स्थानाचा* पुरावा आहे, *शेतीपद्धतीचा* नव्हे. मृगबाग असो वा कांदेबाग, केळीला रासायनिक खते दिली जातात, करप्यासाठी बुरशीनाशकाच्या फवारण्या होतात. अशा बागेतील कंद वा खांब आणून केलेला कदलीक्षार 'सावद्याच्या केळीचा' खुशाल म्हणावा, 'सेंद्रिय' म्हणू नये. बांधावरची कोरफडही शेजारच्या बागेतील फवारणीपासून सुटलेली नसते.

भारतात सेंद्रिय शेतमालाच्या प्रमाणीकरणाचे दोन मार्ग आहेत. 'अपेडा'मार्फत चालणारा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्यात त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. रूपांतरणाचा काळ वार्षिक पिकांना पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे, तर बहुवार्षिक पिकांना पहिल्या काढणीपूर्वी किमान तीन वर्षे. दुसरा मार्ग 'पीजीएस-इंडिया' या सहभागी हमी पद्धतीचा. त्यात शेतकऱ्यांचे गट परस्परांची तपासणी करतात. जीवामृत वापरले, शेणखत घातले, ही चांगलीच गोष्ट. पण कागद नसेल तर बाजारात तो शब्द वापरण्याचा अधिकार मिळत नाही. रानातून गोळा केलेल्या द्रव्यांनाही हाच न्याय. सातपुड्यातून आलेला हिरडा वा बेहडा कोणत्या भागातून, कोणी, केव्हा आणला याची नोंद नसेल, तर तो 'जंगली' आहे एवढेच म्हणता येईल.

लक्षात ठेवावयाचे ते हे की, हे दोन्ही कार्यक्रम शेतमालाचे आहेत, तयार प्रसाधनाचे नव्हेत. सेंद्रिय हळदीचे प्रमाणपत्र हळदीपुरते असते. त्या हळदीच्या चिमटीने संपूर्ण क्रीम सेंद्रिय होत नाही.

तयार प्रसाधनासाठी युरोपात 'कॉसमॉस' हे मानक सर्वांत प्रचलित आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली व ब्रिटन येथील पाच संस्थांनी आपापली जुनी मानके एकत्र करून ते तयार केले. 'सेंद्रिय' म्हणविण्यासाठी त्यात दोन अटी प्रमुख आहेत. केवळ भौतिक प्रक्रियेने मिळविलेल्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय असावेत, आणि संपूर्ण वस्तूत सेंद्रिय भाग किमान २० टक्के असावा. शांपूसारख्या धुऊन टाकण्याच्या वस्तूंना ही दुसरी मर्यादा १० टक्के आहे. पाणी सेंद्रियात मोजले जात नाही. कृत्रिम सुगंध, पॅराबेन व खनिज तेल यांना प्रवेश नाही.

आता वरील क्रीमला ही कसोटी लावून पाहा. तिळाचे तेल सेंद्रिय आणि हळद साधी असेल, तर २५ पैकी २० ग्रॅम, म्हणजे ८० टक्केच सेंद्रिय. क्रीम अनुत्तीर्ण. हळदही सेंद्रिय घेतली तर दोन्ही टक्केवाऱ्या जुळतात, पण कृत्रिम सुगंधापाशी ती पुन्हा अडते. जी क्रीम एका मानकाने '९८ टक्के नैसर्गिक', तीच दुसऱ्या मानकाने सेंद्रियाच्या उंबरठ्याबाहेर! अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 'सेंद्रिय' म्हणून विकावयाच्या प्रसाधनात किमान ७० टक्के सेंद्रिय घटक असावेत असा वेगळाच कायदा आहे. तेव्हा 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे सेंद्रिय' असे नुसते छापलेले असेल, तर कोणत्या मानकाचे, कोणी प्रमाणित केलेले, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

निसर्ग आणि निर्धोकता

हिंगूळ, हरताळ व मनःशिला ही खनिजे निसर्गातच सापडतात. भल्लातक, गुंजा व वत्सनाभ निसर्गातच उगवतात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण आयुर्वेदाने कधीच मांडलेले नाही. तसे असते तर शोधनसंस्कारांचा एवढा विस्तार ग्रंथांत झालाच नसता. कायदाही हाच विवेक पाळतो. अशी द्रव्ये असलेली औषधे अनुसूची ई(१) मुळे वैद्यकीय देखरेखीची सूचना छापूनच विकता येतात. प्रसाधनात मात्र रंगासाठी शिसे वा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे. पाऱ्याला डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अनवधानाने आलेल्या दशलक्षांश एक भागापलीकडे जागा नाही.

हे केवळ पुस्तकी नियम नव्हेत. अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात, त्या वापरीत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळमधील मूत्रपिंडतज्ज्ञांनीही अशा क्रीम वापरणाऱ्या रुग्णांची मालिकाच शोधनिबंधातून मांडली आहे. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या क्रियेला अडवितात, म्हणून काही दिवसांत उजळपणा दिसतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. रसशास्त्रातील शोधित, गंधकाने बद्ध, मात्रा व पथ्यासह दिलेल्या पारदाशी या चोरट्या क्षारांचे काहीही नाते नाही. परंतु डबीवर 'हर्बल' छापलेले असेल, तर लोकांच्या मनात दोष आपल्याच शास्त्रावर येतो.

'काळी मेंदी'ची कथा अशीच. मेंदीच्या पानांचा रंग तांबूस-केशरी असतो. मेंदी तासाभरात केस काळेभोर करीत असेल, तर त्यात पॅराफेनिलीनडायअमीन असण्याची शंका घ्यावी. असा रंग असलेल्या वस्तूवर, प्रथम त्वचेवर थोडी लावून पाहावी व भुवया-पापण्यांना लावू नये, ही सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापणे बंधनकारक आहे. सूचना नसेल तर ती डबी फळीवर ठेवू नये. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे, आणि येथे तर तो वाळा विषारी आहे.

दुसरे टोकही तितकेच घातक. 'परिरक्षकविरहित' हे भूषण मानून पाणी असलेला कल्प बाजारात आणणे म्हणजे जंतूंना आमंत्रण. कोरफडीचा गर आपल्या उन्हाळ्यात एक दिवसही धड राहत नाही. 'कॉसमॉस'सारखे कडक मानकसुद्धा बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल यांसारखी मोजकी परिरक्षके चालवून घेते. शीघ्र स्थिरतेची प्रयोगशाळेतील चाचणी ४० अंश सेल्सिअस तापमानाला होते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा त्याच्याही पुढे जातो आणि माल टपऱ्यांतून व बंद गाड्यांतून फिरतो. येथे ज्याला माल विकावयाचा आहे, त्याने त्या चाचणीला कमाल मर्यादा न मानता किमान मानावे.

शास्त्राने दिलेली मोजपट्टी

आधुनिक मानकांनी दिपून जाण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी वर्ण्य गणात दहा द्रव्ये नेमकी सांगितली. वाग्भटाचार्यांनी मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे भेद करून लेपाची जाडी अंगुलाच्या अंशांत सांगितली आणि प्रत्येक ऋतूला वेगळा लेप दिला. लेप वाळल्यावर तसाच ठेवू नये, वापरलेला लेप पुन्हा वापरू नये, हे दंडक आहेत. शार्ङ्गधरांनी चूर्ण, गुटी, स्नेह यांच्या सवीर्यतेचा काळ स्वतंत्रपणे सांगितला. चूर्णाला त्यांनी केवळ दोन महिने दिले आहेत. द्रव्याची भूमी, काळ व अंग यांची निवड, भेसळीची परीक्षा, पाकाची लक्षणे हे सारे निकषच आहेत. उणीव आहे ती नोंदीची. आपले पूर्वसूरी स्वतः द्रव्य आणीत, स्वतः कल्प करीत आणि स्वतः रुग्णाला देत, त्यामुळे त्यांना कागद लागत नव्हता. आज शेतकरी, व्यापारी, फार्मसी, दुकान व रुग्ण अशी पाच हातांची साखळी आहे. या साखळीत नोंद हीच आप्तवचनाची जागा घेते.

फार्मसीचालक व विक्रेत्यांसाठी निकष

आयुर्वेदिक औषध वा प्रसाधन किरकोळ विकण्यास परवाना लागत नाही. म्हणूनच दुकानदार हा शेवटचा तपासनीस ठरतो. माल घेताना पुढील बाबी पाहाव्यात :

१. परवाना क्रमांक कोणता आहे, आयुर्वेदिक औषधाचा की प्रसाधनाचा? प्रसाधनाच्या परवान्यावरील वस्तू रोग बरा करण्याचा दावा करीत असेल तर ती नाकारावी. कोड बरे करण्याची जाहिरात तर १९५४ च्या जादुई उपाय अधिनियमानेही निषिद्ध आहे.

२. घटकांची यादी पूर्ण आहे काय? प्रसाधनावर एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने असावे लागतात. 'भृंगराज तेला'च्या यादीत पहिले नाव लिक्विड पॅराफिनचे असेल, तर ते खनिज तेल आहे हे ओळखावे.

३. 'नैसर्गिक' टक्केवारी पाणी धरून काढली आहे की वगळून?

४. 'सेंद्रिय' या शब्दाला प्रमाणपत्राची प्रत आहे काय? ती घटकाची आहे की तयार वस्तूची? तिची मुदत संपलेली नाही ना?

५. जड धातूंचा तपासणी अहवाल त्या बॅचचा आहे काय? आयुर्वेदिक औषधिकोशानुसार वनस्पतिद्रव्यांत दशलक्षांशात शिसे १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ व पारा १ भाग ही कमाल मर्यादा आहे. मुलतानी माती, गेरू यांसारख्या खनिज घटकांच्या कल्पांबाबत हा आग्रह विशेष धरावा.

६. पाणी असलेल्या कल्पात परिरक्षक कोणते, आणि जंतुतपासणी झाली आहे काय?

७. कुंकुमादी तेलासारख्या मौल्यवान कल्पाची किंमत केशराच्या भावाशी सुसंगत आहे काय? अतिस्वस्त कुंकुमादी हा आपणहून दिलेला कबुलीजबाब होय.

८. आठवड्यात गोरेपणा, तासात काळे केस असा चमत्कार सांगितला जात असेल, तर पारा, स्टिरॉइड वा रासायनिक रंग यांचा संशय घ्यावा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.

जे स्वतः उत्पादन करतात त्यांनी प्रत्येक बॅचसाठी एक पान ठेवावे : द्रव्य कोणाच्या शेतातून वा कोणत्या रानातून, कोणते अंग, काढणीची तारीख, वाळविण्याची रीत, पाकाची नोंद, तपासणी क्रमांक. एका लहान फार्मसीला प्रत्येक तपासणीचा खर्च परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण तालुक्यातील चार-पाच फार्मसींनी मिळून कच्च्या मालाची एकत्र खरेदी व एकत्र तपासणी केली, आणि हळद, कोरफड, मंजिष्ठा, अनंतमूळ यांसाठी प्रमाणित शेतकरी गटांशी करार केले, तर हा भार वाटला जाईल. हे संघटनेने मनावर घेण्यासारखे काम आहे.

'यात केमिकल नाही ना?' असे विचारणाऱ्या रुग्णाला यापुढे आपण नुसते 'नाही' म्हणू नये. पाणीही रसायनच आहे आणि हळदीतील कर्क्युमिनही. 'यात काय आहे, ते कोठून आले, कोणी तपासले आणि कोणाला लावू नये, हे मी सांगतो,' असे उत्तर देता आले पाहिजे. असे उत्तर देणारा वैद्य आणि ते ऐकून माल ठेवणारा दुकानदार गावोगावी उभा राहिला, तर आपल्या शास्त्राच्या नावावर खोटी डबी विकणे कोणालाही सोपे राहणार नाही.